चुंगी

एरचला बेतवेवर आता पक्का पूल आहे. गाडी दीड मिनिटात पलीकडे जाते. आत बसलेल्या माणसाला नदी कळतही नाही, नुसता एसीचा वारा लागतो. यंदाच्या मे महिन्यात मी मुलाला पुलाच्या अलीकडेच गाडी कडेला घ्यायला लावली, दार उघडलं, आणि तो वास आला. तापलेली वाळू, वाळत चाललेलं शेवाळ आणि त्या दोन्हींवर पसरलेला खरबुजांचा गोड, जरासा आंबूस वास. बासष्ट वर्षांत मी ओळखू येणार नाही इतका बदललो. वासाने मात्र तसूभरही घट केली नव्हती.

मी घट, म्हणजे भावात सूट, मागणारा माणूस आहे. झाशीजवळ बिजौलीत माझा कूलरचे पत्रे कापायचा कारखाना आहे. सतराव्या वर्षी घर सोडलं, दुसऱ्याच्या दुकानात ट्रंका ठोकल्या, आणि ठोकत ठोकत स्वतःचं छप्पर उभं केलं. झाशीच्या बाजारात माझी ख्याती दोनच गोष्टींची, घासाघीस आणि संताप. सौदा पटला नाही तर मी उठून जातो, मागे वळून पाहत नाही. आयुष्यात एकाच सौद्यावरून मला उठता आलं नाही. त्यात मला एक शब्द परत हवा होता. शब्द साधा आहे: 'आहे'. नऊ वर्षांचा असताना याच वाळूत मी तो म्हणालो होतो, आणि मी तो म्हणालोच नाही असं माझ्या घरच्यांनी ठरवून टाकलं. खरं काय ते ऐकलेलं एकच माणूस आता उरलं होतं, माझी आतेबहीण सुमाताई. त्या दिवशी ती गाडीत माझ्या शेजारी बसलेली होती.

आम्ही लहान असताना दर वर्षी गुरसरायला जायचो. आमचे पूर्वज पेशवाईत इकडे आले आणि कारकुनी करत राहिले. गुरसरायच्या एका छोट्या देवळात नृसिंहाच्या पूजेचा एक दिवस तेव्हापासून आमच्या घराकडे होता. जहागिरी गेल्या, इंग्रज गेले, पण वैशाखातला तो दिवस राहिला. माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, वर्षभर कचेरीत पेशकार होते. म्हणजे साहेबापुढे कागद वाचायचे. त्या एका दिवसापुरते ते स्वतः साहेब व्हायचे.

सुट्टी लागली की आत्या ग्वाल्हेरहून यायची. तिची दोन मुलं, सुमाताई आणि चार वर्षांचा बाळू. काकांची दोघं आणि मी धरून आम्ही पाच पोरं. लष्कराच्या लिलावातली एक जीप ठरायची, तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हर हरदयाल यायचा, आणि तांबडं फुटताना आम्ही निघायचो.

त्या पहाटेला तिखटमिठाच्या पुऱ्यांचा वास होता. पितळी डब्यात पुऱ्या, कैरीचा तक्कू, पुडीत सातूचं पीठ, ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पानं. आत्याच्या पदराला खसाचं अत्तर. अण्णांच्या काळ्या टोपीला कापराचा वास, कारण ती वर्षभर ट्रंकेत असायची. जीपच्या मागच्या आकड्याला छागल टांगलेली, म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. ती सतत पाझरायची आणि वाऱ्याने गार व्हायची. तिच्यातल्या पाण्याला ओल्या कापडाची चव असायची. तशी चव मला नंतर कुठल्याही पाण्याला लागली नाही. मी माणसांना थंड हवा विकत आलो, पण तसं पाणी मला स्वतःला मिळालं नाही.

मोठ गावाच्या पुढे मोहाची झाडं लागत. फुलं तोवर वेचून झालेली असायची, पण गावागावांत अंगणभर वाळत पडलेली असत आणि त्यांचा उग्र, डोकं जड करणारा वास जीपच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने जायचा. तेंदूची फळं विकायला बसलेल्या म्हाताऱ्या. विहिरीवरच्या रहाटाचं कण्हणं. लांब कुठेतरी रेल्वेची शिट्टी, आणि ती ऐकून बाळूचा ठरलेला प्रश्न, "आपली गाडी का नाही ओरडत?" मग हरदयालने त्याच्यासाठी हॉर्न वाजवायचा. हरदयाल त्याला बाळू म्हणू शकत नसे. त्याच्या जिभेला ळ नव्हताच. तो बालू म्हणायचा, आणि बालू म्हणजे त्यांच्यात वाळू. "जे बालू तो नदिया में पौंचतई बालू में मिल जैहे," म्हणजे हा नदीवर पोचताच वाळूत मिसळून जाणार, असं म्हणून तो हसायचा, आणि आम्हीही हसायचो.

हे सगळं चुंगीनंतरचं. शहर संपलं की कानपूरच्या रस्त्यावर चुंगी नाका होता. चुंगी म्हणजे जकात. नाक्यावरचा मुन्शी जीपमध्ये डोकावायचा, आमच्यात जकात घेण्यासारखं काही नसायचं, आडवा दांडा वर व्हायचा. तो वर झाला की अण्णा हातातली काठी पत्र्यावर आपटायचे आणि म्हणायचे, "आता माझी चुंगी सुरू."

अण्णांची चुंगी हिंदी शब्दाला लागायची.

"झाशीत राहून तुमच्या जिभांना बुंदेली बुरशी आली आहे," ते म्हणायचे. "नाका ते गुरसराय, फक्त मराठी. हिंदीचा एक शब्द निघाला की कडेची जागा गेली."

जीपला मागे दोन कडेच्या जागा होत्या, अगदी टोकाला. तिथे बसलं की पाय बाहेर सोडता यायचे. मागे पळणारा रस्ता सगळा आपला, धुळीचा लोट आपला, मागून धावत येणारी कुत्री आपली. आत बसणाऱ्याच्या वाट्याला ट्रंका, वळकटी आणि मांडीवर झोपलेलं एखादं पोर. त्या जागेसाठी आम्ही पोरं वर्षभर मनातल्या मनात तयारी करत असू. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण गल्लीत पाऊल टाकलं की जीभ आपोआप फिरायची. इथे ती धरून ठेवायची होती. तरबूज नाही, कलिंगड. दवात नाही, दौत. बंदर दिसलं तर श्वास घ्यायचा, आठवायचं, आणि मग ओरडायचं, माकड.

हरदयालला मराठी येत नव्हती. त्यावरही अण्णांनी तोड काढली होती. ड्रायव्हरला काही सांगायचं असेल तर ते अण्णांना मराठीत सांगायचं, अण्णा त्याला हिंदीत सांगणार. पोरांनी थेट बोलायचं नाही. लघवी लागली तरी अर्ज अण्णांमार्फत.

एकदा मी 'सडक' म्हणालो. अण्णांनी काठी आपटली.

"सडक मराठीच आहे अण्णा," मी म्हणालो. "पुण्यातही म्हणतात."

"तू पुण्याला गेला आहेस का रे?"

"तुम्ही तरी गेलात का?"

आत्याने तोंडावर पदर घेतला. अण्णा जन्मात पुण्याला गेले नव्हते. त्यांचे वडीलही नव्हते गेले. मग अण्णा हसायला लागले, इतके की टोपी सरकली. "वकील होशील," ते म्हणाले. "बस, बस कडेलाच." घासाघीस करून मिळवलेली माझी पहिली वस्तू ती. त्यांचं हसणं मला अजून ऐकू येतं, आणि संताप येतो, कारण त्या माणसाचा मला नुसता द्वेषही करता येत नाही.

यंदा मुलगा समीर पोरांना घेऊन नोएडाहून आला. सून मृणाल पुण्याची. नात इरा दहा वर्षांची, नातू ओम सात. पोरांना मराठी कळते, पण तोंडातून हिंदी येते, आणि मी त्यांना कधी एका शब्दाने टोकलं नाही. मृणालला याचं नवल वाटतं. समीरने विचारलं, बाबा, कुठे फिरायला जाऊ या? मी म्हणालो, गुरसराय. त्याला आश्चर्य वाटलं, कारण मी तिकडे बासष्ट वर्षांत फिरकलो नव्हतो. पण मी आधीच सुमाताईला ग्वाल्हेरला फोन केला होता. तीनदा नाही म्हणाली. चौथ्यांदा म्हणाली, "डोळे चाललेत माझे. दिसतंय तोवर ती नदी एकदा बघून घेते." ती का येते आहे ते तिने सांगितलं. मी तिला का नेतो आहे ते मी सांगितलं नाही.

मोठच्या अलीकडे टोल नाका लागला. दांडा वर झाला, गाडी सुटली, आणि मृणाल पुढच्या सीटवरून मागे वळून हसत म्हणाली, "चला, आता गंमत! इथून गुरसरायपर्यंत फक्त मराठी बोलायचं. जो हिंदी बोलेल त्याचा मोबाईल माझ्याकडे जमा."

"गाडी थांबव," मी म्हणालो.

"काय झालं बाबा?"

"थांबव म्हणतो ना! हा खेळ माझ्या गाडीत चालायचा नाही. पोरं बोलतील त्या भाषेत बोलतील. शिव्या देतील, ओरडतील, वाटेल ते करतील. त्यांच्या तोंडाला कोणी कुलूप लावलं तर मी इथे उतरून चालत जाईन."

मृणालचा चेहरा पांढरा पडला. "मी तर सहज..."

"सहजच असतं सगळं."

ओम रडायला लागला. इराने समीरला हळूच विचारलं, "दादू गुस्सा क्यों हो गए? मराठी बोलना तो अच्छी बात है ना?" समीरने आरशातून माझ्याकडे पाहिलं. आपल्या बापाला ओळखणाऱ्या मुलाची ती नजर होती: वय झालं, डोकं तापतं. सुमाताई तेवढी माझ्याकडे पाहत नव्हती. तिने काचेवर तळहात टेकवला होता.

पूंछ गावाशी गाडी उजवीकडे, नदीच्या रस्त्याला वळली.

मी नऊ वर्षांचा होतो त्या वर्षी नदीला पाणी फार कमी होतं. उन्हाळ्यात वाळूवर गवताचे भारे आणि झाऊच्या झुडपांच्या फांद्या अंथरून वाट करत, तिच्यावरून गाड्या हळूहळू पलीकडे जात. आमच्या जीपचं चाक वाटेच्या कडेला रुतलं. हरदयालने सगळ्यांना उतरवलं. अण्णा आणि आत्या खरबूजवाल्यांच्या झोपडीच्या सावलीला जाऊन बसले. आत्या तांब्यातून पन्हं ओतत होती. वेलदोड्याचा वास वाऱ्यावरून आमच्यापर्यंत आला होता. काकांची पोरं पाण्यात. सुमाताई वाळूत शिंपले शोधत होती. हरदयालने इंजिन चालू केलं. त्याला जीप जरा मागे घेऊन, वेग धरून पुढे काढायची होती. तो मला म्हणाला, "लला, तुम पाछें ठांड़े हो जाओ, देखत रइयो."

मागे लक्ष ठेवायला मी लांब जाऊन उभा राहिलो. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. पहिल्यांदाच मला कोणी काम दिलं होतं.

बाळू जीपच्या मागे, छागलीच्या बरोबर खाली, उताणा पडला होता. तोंड उघडं ठेवून तो पडणारे थेंब झेलत होता. त्याच्याभोवतीची वाळू ओली, गार, काळी झाली होती. डोळे मिटलेले होते. एक थेंब ओठावर पडायचा, एक नाकावर, आणि तो स्वतःशीच हसायचा.

हरदयालने पुढून आवाज दिला, "काए लला, पाछें खाली है?"

मी ओरडलो, "बाळू खाली आहे!"

आमच्यात खाली म्हणजे जमिनीवर. त्याच्यात खाली म्हणजे रिकामं. आमचा बाळू म्हणजे बाळ. त्याचा बालू म्हणजे वाळू. इंजिन घरघरत होतं. त्याने ऐकलं, बालू खाली है. वाळू मोकळी आहे. त्याने जीप मागे घेतली.

छागल फाटली होती. तिच्यातलं पाणी वाळूत जात राहिलं आणि वाळू ते पीत राहिली, इतक्या पाण्याची जरा वेळाने खूणही राहिली नाही. झोपडीतल्या बाईने बाळूवर स्वतःचं लुगडं पांघरलं. त्याला खरबुजांचा वास होता. हरदयाल गुडघ्यांवर बसून, मीच तसं सांगितलं होतं, हे एकच वाक्य म्हणत होता, "लला ने कई ती, बालू खाली है. लला ने कई ती."

एरचच्या डॉक्टरकडे नेलं, ते नेण्यापुरतं नेलं. दुपारी आम्ही सगळे दवाखान्याच्या ओसरीवर होतो. आत्या भिंतीला टेकून बसली होती. अण्णा उभे होते. त्यांनी मला समोर बोलावलं आणि कागद वाचायच्या आवाजात विचारलं, "तू काय म्हणालास?"

"बाळू खाली आहे, असं म्हणालो."

"आहे म्हणालास की है?"

"आहे."

"त्याने है ऐकलं."

"मी आहे म्हणालो, अण्णा."

"तू हिंदी बोललास," अण्णा म्हणाले. "चुंगी मोडलीस." मग ते माझ्यावरून नजर काढून आत्याकडे वळले. "हा हिंदीत बोलला गं. मराठीत सांगितलं असतं तर मला ऐकू आलं असतं. मी होतो ना तिथे."

त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर सौदा तिथेच मिटला असता. त्या दिवसापासून अण्णा माझ्याशी मराठीत बोलले नाहीत. "जाओ, हाथ धो लो." "किताब उठाओ." दूधवाल्याशी, न्हाव्याशी बोलत तसं. एकाच पंगतीत बाकीच्या पोरांना "वाढू का रे?" आणि मला "और चाहिए?" आवाज चढलेला नसायचा. उलट जरा अदबच असायची, परक्याशी ठेवतात तशी. आई स्वयंपाकघरात मला हळूच मराठीत हाक मारायची, पण माजघरात अण्णा असले की तीही गप्प व्हायची. असं आठ वर्षं चाललं. मग मी निघालो. ते शेवटच्या आजारात असताना भेटायला गेलो. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि म्हणाले, "बैठो."

नंतर मोठा झालो, बाजारात मुरलो, तेव्हा मला त्यांचा हिशोब कळला. मी 'आहे' म्हणालो असं धरलं तर दोष त्यांच्या चुंगीकडे जात होता. घरात दोन भाषा येणारं पोर, समोर एकच भाषा येणारा ड्रायव्हर, आणि मध्ये अण्णांचा नियम. तो भार त्यांना पेलला नसता. म्हणून त्यांनी एका अक्षराचा फेरफार केला आणि सगळं माझ्या खांद्यावर ठेवलं. नंतर गुरसरायला कोणी गेलं नाही. पूजेचा दिवस दुसऱ्या घराकडे गेला. पितळी डबा, अण्णांची कापराच्या वासाची टोपी, आत्याचं मे महिन्यात येणं, सगळं एकेक करून गेलं. आमच्या घरात वैशाख आला की खिडक्या लवकर लावून घेत.

यंदा आम्ही वाळूत उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. समीर आणि मृणाल पोरांना घेऊन पाण्याकडे गेले. काठावर एक बाई खरबुजं मांडून बसली होती. मी सवयीने विचारलं, "अम्मा, मीठा निकलेगा?"

"मीठो न निकरे तो मोए गारी दे जइयो, बब्बा."

"गाली तो मैं वैसे भी देता हूँ."

"सो तो मों सें दिखात," ती माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाली.

सुमाताई हसली. पांढरी साडी सावरून ती एका दगडावर बसली होती आणि डोळे बारीक करून नदीकडे पाहत होती. मला वाटलं, भाव विचारायची वेळ हीच.

"ताई, एक विचारतो. त्या दिवशी मी काय म्हणालो होतो?"

तिने कोणत्या दिवशी असं विचारलं नाही. "बाळू खाली आहे," ती म्हणाली.

"आहे?"

"आहे. मी तुझ्यापासून चार पावलांवर होते."

"मग बोलली का नाहीस तेव्हा? ओसरीवर तू तिथेच उभी होतीस!"

"अण्णांसमोर? अकरा वर्षांची होते रे मी."

"नंतर? बासष्ट वर्षं आहेत मध्ये!"

"आईला सांगितलं होतं. घरी परतलो त्याच दिवशी." तिने मूठभर वाळू उचलली आणि बोटांतून जाऊ दिली. "आई म्हणाली, पोर तर गेलं माझं. आता बापालाही घालवू का? तो लहान आहे, विसरून जाईल. आपण गप्प राहू. मग आई गेली तरी मी गप्पच राहिले. सवय लागते."

"मी विसरलो नाही."

"दिसतंय ना."

मी उठलो. मला पाय हलके वाटत होते. खरं तर रडायला हवं होतं, पण मी ओरडायला लागलो. "समीर! मृणाल! इकडे या सगळे! पोरांनाही आणा!" ते धावत आले. त्यांना वाटलं, मला काही होतंय. मी त्यांना वाळूत बसवलं आणि सगळं सांगितलं. चुंगी नाका, कडेच्या जागा, छागल, हरदयाल, अण्णांची आठ वर्षांची हिंदी. जीप कुठे होती, मी कुठे उभा होतो, ते पावलं मोजून दाखवलं. ओमला कळावं म्हणून अर्धं हिंदीत सांगितलं. "ताई, सांग यांना. मी काय म्हणालो?" आणि तिला पुन्हा म्हणायला लावलं. आहे. मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "बाबा, सॉरी. मला माहीत नव्हतं." समीर माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. एवढं मला जन्मात कोणी दिलं नव्हतं. मी जिंकलो होतो.

इरा मांडी घालून ऐकत होती. तिच्या कपाळावर आठी होती. गणित अडलं की पडते तशी.

"दादू, पर आपको हिंदी आती थी ना?"

"आती थी. खूब आती थी."

"तो आपने 'रुको' क्यों नहीं बोला?"

"इरा!" मृणाल म्हणाली.

"राहू दे," मी म्हणालो.

बासष्ट वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. अण्णांनी नाही, आत्याने नाही, पोलिसाने नाही. आहे की है, एवढाच वाद होता, आणि तो एवढाच असावा म्हणून मी जिवाचं रान केलं होतं. कारण रुको मला आला होता. पहिल्यांदा तोच आला होता. ओठांवर आला आणि मी तो गिळला. तेवढ्यात मी झोपडीकडे पाहिलं होतं, अण्णांची काठी त्यांच्या मांडीवर होती. मग मनात जुळवून, शुद्ध करून, मी मराठीत ओरडलो. है म्हणालो असतो तर ती पोराची चूक झाली असती, सवयीने जीभ घसरली असं म्हणता आलं असतं. अण्णांनी मला ती सोय दिली होती. ती नाकारण्यात मी आयुष्य घालवलं, आणि आत्ता चारचौघांसमोर साक्षीदार आणून सिद्ध केलं की माझी जीभ घसरली नव्हती. मी शब्द निवडला होता.

इरा माझ्याकडे पाहत राहिली. मग ती सुमाताईकडे वळली. "आजी, आपने भी तो सुना था. आपने 'रुको' क्यों नहीं बोला?"

सुमाताई वाळूतली मूठ उघडीच ठेवून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहू शकलो नाही. ती इराशी बोलली, आणि तिला नीट कळावं म्हणून हिंदीत बोलली.

"सीट चली जाती, बेटा. इनकी भी, मेरी भी. उस दिन किनारे वाली सीटों पर हम दोनों बैठे थे."

"बस? सीट?"

"हाँ," सुमाताई म्हणाली. "बस."